महाराजांनी सांगितलं म्हणून बायकांचा वीणापहारा बंद. विचारायचं की गप्प बसायचं?

उन्हाळकांदा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. रामनवमीला सप्ताहाची वीणा उभी राहते आणि हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी काला होतो. सासऱ्यांच्या लहानपणापासून चालत आलेला सप्ताह आहे, आजवर खंड नाही.

ज्यांच्या गावात सप्ताह नसतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात, त्याला पहारा म्हणतात. वीणेकरी उभा, सोबत एक-दोन टाळकरी. पुढच्या पाळीचा माणूस आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात घालायची. तेवढ्यातही नाम तुटू द्यायचं नाही.

आता चैत्र म्हणजे आमच्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी ऐन भरात. रात्रीच्या पाळ्यांना गडी हवे तेवढे, पण दुपारी बाराच्या पुढे मंडपात चिटपाखरू नसतं. मागे एकदा दुपारच्या पाळीचा माणूस ट्रॅक्टर घेऊन लासलगावला लिलावात अडकला. आधीचा म्हातारा वीणेकरी उभा राहून राहून लटपटायला लागला. माझी चुलतसासू भाकरी घेऊन मंडपात आली होती, तिने टोपली खाली ठेवली, हात धुतले आणि वीणा गळ्यात घेतली. कोणी ठराव केला नाही, कोणी हरकत घेतली नाही. तेव्हापासून दुपारचे पहारे बायकांचे. मीही लग्न होऊन आल्यावर त्यातच उभी राहायला लागले.

यंदा माघात बैठक झाली. सप्ताहाचे मार्गदर्शक महाराज (नाव घेत नाही, पत्रिकेवर सगळ्यात वर फोटो असतो) यांनी सांगितलं म्हणे की बायकांनी वीणा घ्यायची नाही, शास्त्रात नाही. झालं. तक्त्यात दुपारच्या रकान्यात पुरुषांची नावं पडली. त्यातले दोघे पुण्याला कंपनीत आहेत आणि गावात उगवतात ते थेट काल्याच्या पंगतीला. बाकी बायकांची कामं आहे तिथेच आहेत. तुळस डोक्यावर घ्यायची, मंडप झाडायचा, घरटी भाकरी द्यायच्या, त्यासाठी कोणी शास्त्र उघडलेलं नाही.

मी नास्तिक वगैरे नाही. गळ्यात माळ आहे, एकादशी धरते, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या वारीला पायी जाते. वडील मृदंग वाजवायचे, त्यामुळे काकडा आणि हरिपाठ लहानपणीच पाठ झाला. सासूबाईंनी याच महाराजांच्या हातून माळ घातली आहे. त्या म्हणतात, “त्यांच्या तोंडातून निघालं ना, मग त्याला का म्हणून विचारायचं नसतं.” सासरे कमिटीत आहेत. ते म्हणतात, “तुझं खरं आहे, पण आत्ता नको.”

तर विचारायचं असं की, माळकरी माणसाने महाराजांना ‘का?’ म्हणणं आपल्या संप्रदायात बसतं का? आणि बसत असेल तर ते कसं करायचं, म्हणजे सप्ताहाला गालबोट लागणार नाही? ‘सोडून द्या हे सगळं’ असं सांगायला येणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

चार्वाक_दुसरा:

सोडून द्या हे सगळं.

(माफ करा, राहवलं नाही.) बरं, गंभीरपणे. तुम्ही ज्याच्याकडे दाद मागायला निघालात त्याचा अधिकार तुम्ही आधीच मान्य केलेला आहे. तो उद्या ‘घ्या वीणा’ म्हणाला तरी निर्णय त्याचाच राहतो. परवा पुन्हा ‘नको’ म्हणेल, तेव्हा काय करणार?

उन्हाळकांदा:

अधिकार मान्य आहेच हो. डॉक्टरचाही मान्य असतो, म्हणून गोळी कशाची आहे ते विचारायचं नाही का? परवाचं परवा बघू.

कमिटीवाला:

आमच्याही गावात सप्ताह आहे आणि तो चालवणं किती जिकिरीचं असतं ते कमिटीत असलेल्यालाच कळतं, म्हणून थोडं उलट लिहितो. ताईंनी रागावू नये.

चांगल्या कीर्तनकाराची तारीख वर्ष-वर्ष आधी धरावी लागते. मार्गदर्शक महाराजांच्या शब्दावर या तारखा मिळतात. त्यांना चारचौघांत प्रश्न विचारला की पुढच्या वर्षी ‘बघू’ असं उत्तर येतं, आणि ‘बघू’ म्हणजे नाही. हा झाला व्यवहार. पण नुसता व्यवहार नाही. आज तुम्ही वीणेचं विचाराल, उद्या कोणी विचारेल की पहाटे चारलाच काकडा कशाला, सहाला करू. परवा कोणी म्हणेल पंगतीत सगळ्यांनी खालीच का बसायचं. प्रत्येकाला कारण पटवून देत बसलो तर सात दिवसांचा सप्ताह सात वर्षं बैठकीतच होईल. काही गोष्टी सांगितल्या म्हणून करायच्या असतात आणि त्यात एक सुखही असतं. आपलं डोकं आठवडाभर बाजूला ठेवायला मिळतं, म्हणून तर लोक येतात.

आणि माणूस बदलला की नियम बदलायचा असेल तर त्याला नियम कशाला म्हणायचं?

उन्हाळकांदा:

दादा, रागावले नाही. पण नियम तुमच्या महाराजांनी बदललाय, आम्ही नाही. आमच्या गावात बायका उभ्या राहत होत्या, हीच चाल होती.

जुना_टाळकरी:

ताई, माझं वय झालंय, सातारा जिल्ह्यातला आहे, टाळ घेऊन माऊलींच्या सोहळ्यात तरुणपणापासून चालतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बसतं.

ज्ञानेश्वरीचा तिसरा अध्याय काढा. दुसऱ्या अध्यायात देवांनी अर्जुनाला एवढं मोठं ज्ञान सांगितलं. त्याने मान डोलवायला हवी होती. तो काय म्हणतो?

देवा तुवांचि ऐसें बोलावें । तरी आम्हीं नेणतीं काय करावें । आतां संपलें म्हण पां आघवें । विवेकाचें ॥

विवेक संपला म्हणा की आता! प्रत्यक्ष देवाला, तोंडावर. देव त्यावर रथातून उतरून निघून गेले नाहीत. अठराव्यापर्यंत सांगत राहिले.

आता चौथ्या अध्यायात संतांकडून ज्ञान कसं घ्यायचं ते येतं, तिथे मात्र अट आहे. ‘तरी तनुमनुजीवें । चरणांसीं लागावें । आणि अगर्वता करावें । दास्य सकळ ॥’ आणि लगेच पुढे, ‘मग अपेक्षित जें आपुलें । तेंही सांगती पुसिलें ।’ आधी सेवा, मग पुसायचं. तुम्ही चैत्रातल्या दुपारी पत्र्याच्या मंडपात वीणा घेऊन उभ्या राहिलात, आणखी कसलं दास्य हवंय? आता पुसा.

दुसऱ्या प्रश्नाला मी सोहळ्यातलंच उदाहरण देतो, कारण बाहेरच्यांना ते फारसं ठाऊक नसतं. संध्याकाळी पालखी तळावर येते, समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि एका क्षणात एवढा समाज गप्प होतो. अंगावर काटा येतो, आजही. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी गप्प होत नाही. टाळ वाजवतच राहते. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात तेवढेच टाळ. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात. पाण्याचा टँकर आला नाही, आमच्या क्रमात दुसरी दिंडी घुसली, असं काहीतरी असतं. ऐकून घेतात, जमेल तो निवाडा करतात, टाळ थांबतात, मग आरती. तोवर माऊलींची आरतीसुद्धा खोळंबते.

या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस, त्यामुळे सगळी आखणी फौजेसारखी. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. कमिटीवाले दादा, तुम्ही म्हणता ती शिस्त याहून कडक कुठे असेल? आणि त्या शिस्तीच्या ऐन मध्यावर तक्रार करायची जागा आहे. तक्रार आहे म्हणून कोणी दिंडी घेऊन घरी जात नाही. आणि तक्रार आहे म्हणून कोणी आपल्या मनाने वेगळी आरतीही सुरू करत नाही. टाळ मात्र थांबवायचे नाहीत.

शास्त्रात नाही म्हणतात तर कोणत्या, एवढं नम्रपणे विचारा. वैजापूरकडचं शिऊर तुम्हाला फार लांब नाही. तिथल्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू केलं, म्हणून नवऱ्याने मारलं, ब्रह्मवृंदाने छळलं. त्या काळच्या शास्त्रात ते बसत नव्हतंच. आज तुकोबांना कळस म्हणायला आपण त्यांचाच अभंग म्हणतो.

एक खरं सांगून ठेवतो. आमच्या फडावर, म्हणजे आमच्या वारकरी मंडळींत, बायका वीणा घेत नाहीत. तुम्ही मला कारण विचारलंत तर ‘पहिल्यापासून नाही’ याच्यापुढे मला काही सांगता येणार नाही.

वसईवाला:

मी कॅथलिक आहे, माझा इथे काय संबंध असं वाटेल, पण धागा वाचून आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बैठका डोळ्यांपुढे आल्या.

आमच्याकडे तर प्रश्न विचारण्यासाठी चक्क कलम आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, २१२ वं, तिसरा भाग. श्रद्धावंतांना आपापल्या ज्ञानाप्रमाणे धर्मगुरूंपुढे मत मांडण्याचा हक्क आहे, आणि कधीकधी ते कर्तव्यच आहे, अर्थात आदर राखून. कागदावर फार सुंदर आहे. बैठकीत कोणी ते मोठ्याने वाचून दाखवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तुमच्या चुलतसासूबाईंचं वाचताना मात्र वेगळंच आठवलं. पवित्र गुरुवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बारा जणांचे पाय धुतात. नियमात ‘पुरुष’ असा शब्द होता, त्यामुळे बायकांचे पाय धुवायचे नाहीत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस नुकतेच पोप झाले होते. ते रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या मुलांबरोबर दोन मुलींचेही पाय धुतले. त्यातली एक मुस्लीम होती. नियम तेव्हा जुनाच होता. तो बदलल्याचं पत्रक निघालं २०१६ च्या जानेवारीत. म्हणजे आधी कृती, कागद मागाहून. तुमच्याकडे कागद तेवढा राहिलाय.

पण दरवेळी असं होत नाही हेही सांगतो. बायकांनी धर्मगुरू व्हायचं का, या प्रश्नावर १९९४ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी ‘हे अंतिम’ असं सांगून टाकलं. लोक विचारतातच, पण दार बंद आहे. प्रश्न विचारला की उत्तर मिळतंच या भरवशावर जाऊ नका.

आणि मराठी माणसाला यासाठी रोमला जायची गरजही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि ज्या सिस्टरांच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच सिद्धांतांवरून पत्रापत्री सुरू केली. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तसंच दुसरं घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. श्रद्धा सोडली नाही आणि मानही खाली घातली नाही. सिस्टर बाई हैराण.

तालुका_कोर्ट:

थोडक्यात एक कायद्याचं. विचारलं म्हणून कोणी वाळीत टाकायची भाषा केली, तुमच्याकडच्या लग्नाला जाऊ नका, पंगतीत वाढू नका असं सुरू झालं, तर महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याला जुना इतिहास आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच धर्मातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी तिला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. धर्मप्रमुखाला शिस्तीसाठी हा अधिकार लागतो, असं बहुमताचं म्हणणं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात. त्या निकालाचा फेरविचार करायचा का, हा प्रश्न अजून मोठ्या घटनापीठापुढे आहे.

पण ताई, हे कलम पहिल्याच बैठकीत काढू नका. कायद्याचं नाव निघालं की जे तुमच्या बाजूने होते तेही उठून चपला शोधायला लागतात. अनुभव आहे.

चार्वाक_दुसरा:

@जुना_टाळकरी, टाळांचं माहीत नव्हतं. आवडलं. पण आजोबा, चोखोबांनी किती वर्षं टाळ वाजवले? समाधीसुद्धा देवळाबाहेर, महाद्वारासमोर. पंढरपूरचं दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं आणि साने गुरुजींना उपास करावा लागला.

जुना_टाळकरी:

बरोबर आहे, आणि ते आमच्या अंगाला लागतंच. एवढंच जोडतो की गुरुजी उपासाला बसले ते पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात. इतर मठ-फडांतून विरोध झाला, हेही तितकंच खरं. एकाच वाळवंटात दोन्ही प्रकारचे वारकरी होते. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला उपास सुरू झाला, दहाएक दिवस चालला. त्याच्या आधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरून लोकांना विचारत होते, तुमच्या गावचं देऊळ उघडता का. नुसता उपास नव्हता तो.

उन्हाळकांदा:

सगळ्यांचे आभार. जाऊन आले, म्हणून लिहिते.

महाराजांचं शेजारच्या गावात कीर्तन होतं. कीर्तनानंतर ज्यांच्याकडे जेवण होतं त्या घरी आम्ही गेलो. सासरे, चुलतसासू, मी आणि ‘काय बोलते ते बघायला’ म्हणून सासूबाईसुद्धा. चारचौघांत विचारायचं नाही, एवढं कमिटीवाल्या दादांचं ऐकलं. महाराज जेवून ओसरीवर बसले होते, खांद्यावर पंचा, समोर बडीशेपेची डबी. पाया पडलो. चुलतसासू आधी बोलायची असं ठरलं होतं, पण ती नुसती पदराचं टोक पिळत बसली. मग मीच म्हटलं, “महाराज, दुपारची वीणा आमच्याकडून काढली. आमचं काय चुकलं ते सांगा, म्हणजे सुधारू.”

ते म्हणाले, “काढली? कोणी?”

सासरे घसा खाकरत म्हणाले, “आपणच माघात म्हणालात.”

“मला तुमच्यातल्या एकाने विचारलं, बायकांनी वीणा घ्यावी असं शास्त्रात आहे का. मी म्हणालो, नाही. बंद करा असं मी कशाला म्हणू?”

मी विचारलं, “मग पुरुषांनी घ्यावी असं आहे का?”

सासूबाईंनी मागून माझी साडी ओढली. महाराज थोडा वेळ डबीचं झाकण उघडमिट करत राहिले, मग हसले. म्हणाले, “वकिलीणबाई दिसता.” आणि सासऱ्यांकडे वळून, “हे बघा, तुमच्या गावचा पहारा तुमच्या गावाने ठरवा. माझ्या नावावर घालू नका.” एवढंच. घ्या म्हणाले नाहीत, घेऊ नका म्हणाले नाहीत. मला उठताना प्रसादाची केळी दिली.

जीपमध्ये सासूबाई गावच्या वेशीपर्यंत गप्प. वेशीवर म्हणाल्या, “महाराजांना वकिलीण म्हणायला लावलंस.” पण स्वर मला वाटलं होतं तेवढा कडू नव्हता.

चार्वाक_दुसरा:

म्हणजे त्यांनी सरळ जबाबदारी झटकली.

उन्हाळकांदा:

झटकलीच. मला काय ते कळलं नाही? पण आता कमिटीला ‘महाराजांनी सांगितलं’ म्हणता येत नाही. ‘आम्हालाच नको’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागेल, आणि ते म्हणायला कोणी पुढे येईना. जो म्हणेल त्याला बाराच्या उन्हात उभं राहावं लागेल ना. बैठकीत एकाने फक्त एवढं काढलं की महाराजांकडून तसं लिहून आणा. चुलतसासू म्हणाली, “माघात ‘नाही’ म्हणाले तेव्हा लिहून आणलं होतं का?” तिथे मात्र ती पदर पिळत बसली नाही.

कमिटीवाला:

प्रश्न फिरवून विचारला की उत्तरही फिरून येतं, हे कमिटीत आम्हीही करतो. सगळीकडेच चालतं. तारखेचं काही बोलले का महाराज?

उन्हाळकांदा:

नाही, काल्याचं कीर्तन त्यांचंच आहे, पत्रिका छापून आली. फोटो वरच आहे.

जुना_टाळकरी:

पहाऱ्याचा तक्ता लागला का, ताई?

उन्हाळकांदा:

लागला, मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर. बारा ते दोन चुलतसासू आणि मी. दोन ते चारला एक शाळेतल्या बाई आहेत, सोबत टाळाला अजून कोणी मिळत नाही. सासूबाईंना विचारलंय, ‘बघते’ म्हणाल्या. पुण्याच्या दोघांची नावं खोडली नाहीत, काल्याच्या पंगतीत वाढपी म्हणून खाली नेऊन लिहिलीत.